थैलीतले नारळ

अमरावतीहून अकोल्याला जाताना एसटीत, ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर, माझ्या शेजारी एक फिटर बसला होता. मांडीवरची नारळांची जड थैली तो काही केल्या खाली ठेवेना. दूरच्या बर्फाळ देशात, गॅस थंड करून त्याचा द्रव करणाऱ्या कारखान्यात तो कामाला होता. सुट्टी संपवून परत निघाला होता.

"गोरी कंपनी काम अर्धवट टाकून गेली, नकाशेबी घेऊन गेली," तो म्हणाला. "उरलेला पाइप न् पाइप आमीच जोडला. सुरू करायच्या दिवशी म्या घरून नेलेला नारळ फोडला, अन् मशीन पयल्याच झटक्यात चालू!"

"मग साहेब खूश?"

"लय. आता दुसरी मशीन बसवून राहिले, तर फोन आला, नारळ घेऊन ये. पाइप कोणं जोडले, थे कोणीच इचारत नाही."

बोटांवरचे घट्टे चोळत तो हसला.

मूर्तिजापूरजवळ गाडी बंद पडली. त्याने थैलीतून पान्हा काढला आणि उत्साहाने उठला. मघापासून ऐकत असलेल्या ड्रायव्हरने त्याला हात जोडले.

"भाऊ, पान्हा राहू द्या. एखादा नारळ द्या ना."