पळसपानावरचे झिंगे आणि तेलाचा डबा

सत्तरचे दशक सरत आले होते तेव्हा लाखनीच्या आमच्या स्वयंपाकघरात एका काचेच्या बाटलीवर चार डोळे सतत खिळलेले असत. दोन माझे, दोन सासूबाईंचे. बाटलीत जवसाचे तेल होते.

सासरे धानाचे व्यापारी. आम्ही त्यांना मामाजी म्हणत असू. छातीत कळ येते म्हणून ते भंडाऱ्याला गेले, तर डॉक्टरांनी त्यांचे वजन नव्वद किलो भरल्याचे सांगितले आणि तळलेले पदार्थ बंद केले. महिन्याभरात वजन उतरले नाही, तर नागपूरला भरती व्हावे लागणार होते. मासळीवाचून मामाजींचा घास उतरत नसे. पोट भरेल पण तेल लागणार नाही असे काही रांधण्याचे काम माझ्याकडे आले.

तलावावरून येणारी बाई टोपलीत ओले झिंगे, म्हणजे तळ्यातली बारीक कोळंबी, आणी. मी ते सोलून, हळदीच्या पाण्यातून काढून बारीक चिरीत असे. उकडलेला बटाटा हाताने मोडून त्यात ते झिंगे, ठेचलेली मिरची, लसूण, मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि तांदळाची थोडी पिठी घालायची. गोळा पळसाच्या पानावर थापून पानासकट तव्यावर ठेवायचा. वरच्या अंगाला अर्ध्या कांद्याने तेलाचा नुसता हात फिरवायचा. पान करपू लागले की ओल्या रानाला धग लागल्यासारखा वास घरभर पसरे आणि टिकिया आपोआप पानापासून सुटे. अशा तीन टिकियांवर मामाजींचे जेवण होई.

तो वासच माझ्या मुळावर आला.

"तेलाबिगर इतका खमंग वास येते काय कुठं?" सासूबाई चुलीपाशी वाकून म्हणत. "आमी का कधी टिकिया केल्या नाही?"

मी तव्यावरची टिकिया काढून ताटात ठेवी. माझ्याही मनात किंतु होता. मामाजींचे ताट त्या स्वतः नेत, आणि वाटेत देवघरापाशी क्षणभर थांबत. तिथे तुपाची वाटी असे. म्हणून मी रोज रात्री जुनी रेघ पुसून बाटलीवर तेलाच्या पातळीशी काजळाची नवी बारीक रेघ ओढी. तेल माझ्या हातून किती जाते, हे कधी विचारले गेले तर मला सांगता यावे.

घराच्या पुढच्या भागात दुकान होते. दर मंगळवारी मामाजी धानाची पोती तोलायच्या काट्यावर उभे राहत. पहिल्याच मंगळवारी काट्याने पंच्याऐंशी दाखवले, चौथ्या मंगळवारी चौऱ्याऐंशी. येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगत, "सूनबाईनं सहा किलो उतरवलं."

पाचव्या मंगळवारीही काट्याने चौऱ्याऐंशीच दाखवले. दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात गेले. दुपारी परतले ते चपला न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"काल दुकानात चौऱ्याऐंशी, आज दवाखान्यात एकोणनव्वद. एका रातीत पाच किलो चढलो काय मी? काय घालून राहिली व त्या टिकियांत?"

"नवा डबा फोडला असन," सासूबाई म्हणाल्या. "नाहीतर बाटलीतलं तेल सरत कसं नाही?"

त्यांनी बाटली उचलली आणि पदराखाली घेतली. उद्यापासून चूल त्या सांभाळणार, हे त्याच कृतीतून मला कळले.

"डबा फोडला नाही, मामाजी. बघून घ्या."

माळ्यावरून जवसाच्या तेलाचा पंधरा किलोचा टिन खाली आला. झाकण बंद करणारे कथलाचे डाक जसेच्या तसे होते. पण मामाजींचा जन्म तोलण्यात गेलेला. डोळ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. "डाक कोणीबी लावते. तोलून पाहू," म्हणत त्यांनी डबा दुकानात नेला. आम्ही दोघी मागोमाग गेलो. सानगडीचा एक शेतकरी धानाची पोती बंडीतून उतरवून तिथे बसला होता.

काट्याची दांडी हलली, डुलली, पंधरावर स्थिरावली.

"बराबर हाय," मामाजी म्हणाले. त्यांचा स्वर उतरला. "भरलेला हाय. सूनबाईनं हात नाही लावला."

मला सुटल्यासारखे वाटले. इतक्यात सासूबाई पुढे झाल्या. रिकाम्या टिनांतून त्यांनी आयुष्यभर पाणी वाहिले होते.

"पंधरा तर तेलच झालं. मंग टिनाचं वजन कुठं गेलं? रिकामा टिन किलोभर भरते."

मामाजींनी डबा उचलून पुन्हा ठेवला. दांडी पुन्हा पंधरावरच आली. शेतकऱ्याने आपल्या पोत्यांकडे पाहिले, मग काट्याकडे.

"मालक," तो अगदी सौम्यपणे म्हणाला, "माहे पोते उद्या तोलजा. मले काही घाई नाही."

मामाजी आत आले, हात धुतले, पाटावर बसले. मी तवा ठेवला. टिकिया वाढताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. पहिली संपल्यावर फक्त म्हणाले, "वजन उतरलं एकच किलो. पन ते खरं हाय." थोड्या वेळाने म्हणाले, "उद्या मिस्त्रीले बोलावतो."

काटा केव्हापासून हलका दाखवत होता आणि मामाजींना ते ठाऊक होते काय, हे मी विचारले नाही. आजही मला त्याचे खात्रीचे उत्तर देता येणार नाही.

सासूबाईंनी पदराखालून बाटली काढून माझ्या हाती दिली. ती पुसावी म्हणून मी उजेडात धरली. माझ्या काजळाच्या रेघेच्या पाठीमागे, दुसऱ्या अंगाला, सासूबाईंच्या विड्याच्या चुन्याचे पांढरे बोट उमटलेले होते. तेही तेलाच्या पातळीशीच.

"पूस," त्या म्हणाल्या. "दोन्ही पूस."