झोपेतली शिकार

निपाणीच्या शाळेत मास्तर होतो. रोज दुपारी घरी जाताना भुईमुगाच्या वखारीच्या पायरीवर अण्णा नावाचे एक जैन गृहस्थ बसलेले दिसायचे. शेजारी बुटकं विलायती कुत्रं. राठ केस, दाढीमिशा, तोकडी शेपटी. बेळगावच्या कॅम्पातला कुणी साहेब मायदेशी परतताना ते त्यांच्या हवाली करून गेला होता.

"मास्तर, तिकडं ह्येची जात उंदरांसाठीच वाढवल्याली. बिळात शिराय पाय बी आखूड," ते कौतुकानं सांगत.

वखारीत उंदीर लई. पण अण्णांना हिंसा वर्ज्य. पोत्यांमागं खुडबुड झाली की कुत्रं थरथरायचं, आणि ते त्याच्या पाठीवर नुसता तळहात टेकवायचे. ते गप बसायचं. मला त्याची कीव यायची.

एकदा कुत्रं उन्हात झोपलं होतं. झोपेतच पाय धावत होते, दात वाजत होते. अण्णांचा हात सवयीनं पुढं गेला आणि हवेतच थांबला.

"आज अडवलं नाहीत?"

"जागंपणी समदं माझं ऐकतंय. झोपंत तरी त्येच्या मनासारखं हुंदे."

आणि वाटेतली मुंगी चुकवून पाऊल टाकणारा तो माणूस, त्याची शिकार मोडू नये म्हणून, उपरण्यानं हळूहळू माश्या वारत बसला.