दोन केसपेपर, एक डोळा

“मॅडम, डोळे आलेत तिला. ड्रॉप द्या अन् लाइन मोकळी करा,” आमचे वरिष्ठ डॉक्टर नेत्र ओपीडीच्या दारातूनच म्हणाले.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. वर दुष्काळ. टँकरच्या पाण्यानं धड तोंड धुणंही होत नव्हतं, त्यामुळे डोळे आलेल्यांची रांग रस्त्यापर्यंत जायची. निलंग्याकडची कमल आईच्या खांद्यावर रेलून त्या रांगेत तिसऱ्यांदा उभी होती. नव्या कलेक्टर ऑफिसात टायपिस्ट म्हणून तिची निवड झाली होती. घरातली पहिली नोकरी. आमच्या फिटनेस सर्टिफिकेटवाचून रुजू होता येत नव्हतं.

आधीचे दोन्ही वेळचे ड्रॉप मीच लिहून दिले होते. हे आत्ताच सांगून टाकते.

या वेळी तिच्या आईनं माझं टेबलच धरून ठेवलं. “बाई, चिपडं न्हाईत डोळ्याला. पोरीला दिसंना झालंय. अन् थंडी वाजून ताप हाय लई.”

“ताप? पेपरवर तर नाही.”

“तापाचा पेपर येगळा हाय. समोरच्या इमारतीत ठिवून घेतला त्यांनी.”

मी टॉर्च मारला. उजव्या डोळ्यात, बुबुळामागे पिवळट पू. हे डोळे येणं नव्हे. अंगात कुठंतरी जखम चिघळते, तिथले जंतू रक्तात शिरतात आणि रक्तातून डोळ्याच्या आत जातात. वरून टाकलेल्या ड्रॉपचा तिथं काही उपयोग होत नाही.

“जखम कुठाय?”

कमलनं साडीचा काठ वर केला. टँकरपाशी रेटारेटीत भरली घागर पायावर पडली होती. चिंधीखाली पाय सडत होता.

तापाच्या डॉक्टरांनी लाल डोळा बघितला आणि तिला माझ्याकडे पाठवलं. मी ताप विचारलाच नाही. पाय तर कुणीच बघितला नाही! डोकं तडकलं माझं. निम्मा राग स्वतःवरच होता.

लगेच ॲडमिट केली. पाय चिरून पू काढला, शिरेतून अँटिबायोटिक सुरू केलं, डोळ्यातही इंजेक्शन दिलं. जीव वाचला. उजवा डोळा गेला.

बरी होऊन ती सर्टिफिकेटसाठी आली, तर वरिष्ठ म्हणाले, “एकच डोळा. अनफिट लिहा.”

“सर, लाइन मोकळी करताना दोन होते. डावा चांगला आहे, टायपिंग होतं. मी फिट लिहितेय. तुम्ही माझ्याविरुद्ध लेखी द्या.”

त्यांनी दिलं नाही. दिलं असतं तर तापाचा आणि डोळ्याचा, दोन्ही केसपेपर एकत्र जोडावे लागले असते, आणि आम्हा सगळ्यांची चूक उघडी पडली असती.

कमल रुजू झाली. तेव्हापासून लाल डोळा दिसला की मी आधी ताप विचारते, अंगावर जखम शोधते. कमल मात्र पुन्हा कधी माझ्याकडे डोळा दाखवायला आली नाही. बरोबरच केलं तिनं.