चाचींची सावली

न्हावऱ्यातल्या आमच्या शेजारच्या चाची म्हशीसाठी खड्ड्यातल्या पाण्यावर अझोला वाढवायच्या. ते बारीक पानांचं खाद्य कोथिंबिरीसारखं निगुतीनं धुवायच्या. खड्ड्यात खत म्हणून घातलेल्या शेणाचा वास राहिला तर म्हैस तोंड फिरवायची. पावसाळ्यात अझोला हिरवागार, कसदार असे. उन्हाळ्यात तांबडा पडे आणि त्यातला कस जाई.

एका उन्हाळ्यात चाचींनी अंगणातल्या आपल्या बाजेवरचं पाचटाचं छप्पर काढून खड्ड्यावर घातलं आणि स्वतः छत्री उघडून बाजेवर बसल्या. मला हे अतीच वाटलं.

"चाची, ऊन लागंल तुम्हाला."

"मला काय हुतंय? मी काय तांबडी पडायची न्हाई."

पंधरवड्यानं त्यांनी मला हाक मारली. खड्ड्याच्या कडेनं नवी हिरवी पानं तरंगत होती. ती दाखवणाऱ्या चाचींचा चेहरा मात्र उन्हानं लालबुंद झाला होता.