चादरीवरचं पोलंड

माझी थोरली बहीण हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालते. लग्न, दोन बाळंतपणं आणि सासूबाईंचं आजारपण, एवढ्यापुरतेच काय ते तिचे हात थांबले असतील. ताईच्या घरी पिशवी रिकामी झाली की लगेच तिची चौकोनी घडी होते. भावोजी एकदा पोटावर वर्तमानपत्र पसरून डुलकी काढत होते. जागे झाले तेव्हा वर्तमानपत्र घडी होऊन कपाटात गेलं होतं. "मी जरा जाड आहे म्हणून वाचलो," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

या बाईनं पन्नाशीला टेकल्यावर बी.ए. करायचं मनावर घेतलं. कॉलेज अर्ध्यावर सुटल्याची सल होतीच. संध्याकाळच्या कॉलेजात तिच्या ड्यूटीनंतरच्या वेळेला दोनच मुख्य विषय होते: हिशेब, नाहीतर युरोपचा इतिहास, राजकारण आणि संस्कृती. "हिशेब घरी आहेतच," म्हणाली आणि युरोपला गेली.

गेली म्हणजे काय, सुजलेले पाय ओढत गेली. दिवसभर गरम वाफेत उभं राहायचं, मग बस पकडायची आणि शेवटच्या बाकावर भिंतीला टेकायचं. तीस वर्षांचं युद्ध तिनं पूर्ण झोपून काढलं. नेपोलियन रशियात शिरला तेव्हा ती जागी होती, परत फिरला तेव्हा नव्हती. सर तिला उठवत नसत. तेही सकाळपासून दुसऱ्या शाळेत शिकवून यायचे. ते खडू धरून फळ्याला टेकले की कोणी कोणाला उठवायचं हा प्रश्नच असे.

घरी आली की भावोजी विचारायचे, "आज कोण मेलं?"

"लुई पंधरावा."

"परत लुई? अगं, त्या घराण्यात दुसरं नाव ठेवायला बंदी होती का?"

"आता सोळावा येईल. त्याचं तर फार वाईट होणार आहे."

"मग आधी जेवून घे," म्हणत भावोजी ताटं मांडायचे.

बाकीच्या विषयांत ती रडतखडत सुटली. अडली ती या विषयाच्या तोंडी परीक्षेत. सगळ्या वर्गासमोर उभं राहून एक प्रकरण समजावून सांगायचं. पहिल्या वर्षी नंबर येईपर्यंत बाहेरच्या बाकावर झोप लागली. दुसऱ्या वर्षी उभी राहिली, पण शब्दच फुटला नाही. यंदा तिनं घरात जाहीर केलं, "या वेळी राहिले तर पुस्तकं रद्दीत. माझ्यात आता त्राण नाही." ती हे रागानं म्हणाली असती तर आम्ही चेष्टा केली असती. ती पाय गरम पाण्यात बुडवून, शांतपणे म्हणाली. भावोजींनी बादलीत आणखी गरम पाणी ओतलं.

तिचं प्रकरण होतं पोलंडची फाळणी. लाँड्रीत बाद झालेली एक चादर मागून आणून तिनं त्यावर रंगीत पेन्सिलींनी नकाशा काढला. चादर टांगायला उंच माणूस हवा म्हणून मला सोबत नेलं. मी ती फळ्यावरच्या खिळ्यांना अडकवली आणि मागे जाऊन बसलो.

सुरुवात बरी झाली. रशिया, प्रशिया, ऑस्ट्रिया. तिघांनी मिळून पोलंडचा लचका कसा तोडला, ते ती पडेल आवाजात का होईना, सांगत होती. तेवढ्यात सर डोळे चोळत म्हणाले, "बाई, मला इथून दिसत नाही. जरा चादर जवळ आणता?"

तिनं चादर खिळ्यांवरून काढली. बस्स. हातांना कापड लागलं. दिवसभर शिणलेल्या त्या हातांना वर्ग, परीक्षा, काही आठवलं नाही. मधला भाग हनुवटीखाली धरला, कडेला कड लावली, एक घडी, दुसरी घडी, तिसरी, वरून तळहात फिरवला, आणि युरोप खंडाचा गुळगुळीत चौकोन तिनं सरांच्या टेबलावर ठेवला. पुढची चादर घ्यायला वळलीसुद्धा.

वर्ग खो खो हसला. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. मग तिचा चेहरा पाहिला. यंदाही गेलंच, असं त्यावर लिहिलेलं होतं.

सरांनी त्या चौकोनाकडे पाहिलं. "पोलंड कुठे गेलं, बाई?"

ताईनं चौकोनाच्या कडेवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "घडीत गेलं, सर."

"कसं?"

"असंच." तिनं चादर उचलून अर्धी उघडली. "तिघांनी तीन टोकं धरली. दर घडीला पोलंड कमी होत गेलं. तिसऱ्या घडीला नकाशावर दिसेचना. ज्याची चादर, त्याला कोणी विचारलंच नाही."

"आणि पुढे?"

"सव्वाशे वर्षं तशीच पडून. पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा उघडली." हातानं तिनं कापड सरळ केलं. "पण इतके दिवस दाबून ठेवलेल्या घडीच्या रेघा इस्त्रीनंही जात नाहीत, सर. तिथली भांडणं त्या रेघांवरच होत राहिली."

आता कोणी हसलं नाही. सरांनी पेनाचं टोपण काढलं.

"पास. बसा आता."

"खरंच?"

"बसा हो, बाई. तुमच्याकडे बघून मलाच उभं राहवत नाही."

ताई माझ्या शेजारी येऊन बसली. चादर मांडीवर घेतली, डोकं भिंतीला टेकलं आणि हसायचं राहूनच गेलं, झोप लागली. तिच्यानंतरचा मुलगा फ्रेंच राज्यक्रांती घेऊन उभा राहिला आणि एकदम गर्जला, "राजाच्या जुलमाला कंटाळून—"

सरांनी ओठांवर बोट ठेवलं. "अरे, क्रांती कर ना. पण हळू कर."