चित्रात नसलेला बाण

ऑफिसात तिला सगळे तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे चौकटबाई. दोन्ही नावं तिला ठाऊक होती. दुसरं जास्त आवडायचं, पण हे तिनं कुणाला कळू दिलं नव्हतं. वय छप्पन्न, जाड भिंगांचा चष्मा, टेबलावर एकही कागद वाकडा नाही. आयुष्यभर तिनं चौकटी काढल्या होत्या आणि त्यांना जोडणारे बाण.

काम असं होतं. ज्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आहेत, त्यांचं रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्राचं सॉफ्टवेअर ही मंडळी बनवायची. पण कोड कुणी हातानं लिहीत नसे. आधी यंत्राचं चित्र काढायचं. यंत्र थांबलं आहे ही एक चौकट, पंप चालू आहे ही दुसरी, नळीत हवा शिरली आहे ही तिसरी. एका चौकटीतून दुसरीत कधी जायचं ते बाणानं दाखवायचं आणि बाणावर अट लिहायची. चित्र पुरं झालं की बटण दाबायचं, मग त्या चित्रावरून संगणकच कोड लिहून काढायचा. कोडात चूक सापडली तरी कोडाला हात लावायचा नाही. चित्रात दुरुस्ती करायची आणि पुन्हा बटण दाबायचं. कारण कोडात हातानं केलेली दुरुस्ती त्या भागाचा कोड पुन्हा लिहिला गेला की पुसली जाते, आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

हा नियम चौकटबाईनंच घातला होता आणि तो मोडणाऱ्याची ती गय करत नसे. एका चांगल्या पिकल्या केसांच्या गृहस्थानं एकदा कोडातला एक आकडा हातानं बदलला. तिनं त्याला सगळ्यांदेखत असे खडे बोल सुनावले की बिचारा पुढे महिनाभर चार मजले जिन्यानं चढला. लिफ्टमध्ये ताई भेटल्या तर काय घ्या! घरीही तोच खाक्या. नवऱ्याचं तिनं गमतीनं एक चित्र काढलं होतं: झोपलेला, पेपर वाचणारा, चिडलेला. पेपरच्या चौकटीतून बाजाराकडे जाणारा बाणच नव्हता. तो ते चित्र पाहुण्यांना दाखवायचा आणि म्हणायचा, "आमची रचनाच अशी आहे, मी तरी काय करणार?"

मग एका शुक्रवारी दुपारी मोठ्या साहेबांनी सगळ्यांना बैठकीच्या खोलीत बोलावलं. एका रुग्णालयात उपचार चालू असताना वीज क्षणभर गेली आणि परत आली. अशा वेळी यंत्रानं थांबून राहायला हवं. नर्सनं नळ्या तपासून परवानगी दिल्याशिवाय पंप फिरता कामा नये. तो आपणहून फिरला. खाटेवर एक निवृत्त बसचालक होता. नर्स शेजारीच होती, तिनं नळी हातानं दाबून धरली, म्हणून माणूस जगला. तरी थोडी हवा रक्तात गेलीच. त्याचा डावा हात आता पूर्वीसारखा चालत नव्हता.

सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती सगळीकडून काढून जुनी बसवायचं काम सकाळीच सुरू झालं होतं. जुनीत हा दोष नव्हता, नवीत होता. आणि नव्या आवृत्तीवर सही होती धाकटीची.

धाकटी म्हणजे त्यांच्यातली सगळ्यात लहान, सव्वीस वर्षांची, कामाला लागून दोन वर्षं झालेली. वीज गेल्यावर काय करायचं ते चित्राच्या ज्या भागात होतं, त्यात तिनं एकच गोष्ट बदलली होती. धोक्याची घंटा दहा सेकंदांनी वाजायची, ती सहा सेकंदांनी वाजावी, एवढंच. तेही नियमाप्रमाणे, चित्रात. मग बटण दाबलं, चाचण्या घेतल्या, सगळ्या पास. पण चाचण्यासुद्धा त्याच चित्रावरून तयार होत. जे चित्राला ठाऊक नाही ते चाचणीला कुठून ठाऊक असणार?

"मी एक आकडा बदलला, साहेब," धाकटी म्हणाली. "विजेच्या चौकटींकडे मी पाहिलंही नाही."

"तेच लिहितोय. पाहिलं नाहीस," साहेब म्हणाले. "सोमवारी चौकशी समिती येतेय. त्यांना नाव लागतं."

चौकटबाईला साहेबांच्या पहिल्या वाक्यालाच सगळं कळलं होतं.

सहा वर्षांपूर्वी हाच दोष तिला त्यांच्याच प्रयोगशाळेत सापडला होता. वीज परत आल्यावर 'थांबून राहा' या चौकटीकडे नेणारा बाण चित्रात काढायचाच राहून गेला होता. तो काढायचा तर शेजारच्या तीन चौकटी हलवायच्या, तपासणाऱ्यांच्या सह्या घ्यायच्या, म्हणजे आख्खा दिवस. तेवढ्यात भावाचा फोन आला, "आईचं काही खरं नाही, असशील तशी ये." तिनं कोड उघडला, चार ओळी हातानं लिहिल्या आणि निघाली. बाण उद्या काढू, असं म्हणून. आई त्याच संध्याकाळी गेली. पंधरा दिवसांनी ती कामावर परतली तेव्हा डोकं ठिकाणावर नव्हतं.

पण ती पुरती विसरली होती असंही नाही, हे सांगायलाच हवं. दोन-तीनदा आठवलं होतं. बाण काढायचा तर तपासणाऱ्यांना कारण द्यावं लागलं असतं, आणि तोवर तिनं त्या जिन्यानं चढणाऱ्या गृहस्थाला झोडपून काढलं होतं. मग कुठल्या तोंडानं सांगणार? ज्या भागाचं चित्र बदलत नाही, त्याचा कोड संगणक पुन्हा लिहीत नाही. म्हणून त्या चार ओळी सहा वर्षं टिकल्या. धाकटीनं नियम पाळला आणि त्या पुसल्या गेल्या.

शनिवारी स्वयंपाकघरात भांडी पुसता पुसता तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं चष्मा काढून ठेवला.

"त्या ओळींबद्दल आणखी कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही."

"सांगितलंस तर?"

"माझं नाव जाईल. आयुष्यभराचं."

"आणि नाही सांगितलंस तर?"

"पोरीचं जाईल. मग या धंद्यात तिला कुणी दारात उभं करणार नाही."

"काय करायचं ते मी सांगणार नाही," तो म्हणाला, "पण त्या माणसाच्या हाताचं काय गं?"

तिनं भांडं खाली ठेवलं आणि ती ओक्साबोक्शी रडली. आई गेली तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

सोमवारी सगळ्यांना पुन्हा त्याच खोलीत बोलावलं, समितीचे तिघे समोर बसले. साहेबांनी धाकटीचं नाव घेण्याआधीच चौकटबाई उठली. जुन्या आवृत्तीच्या कोडाचा छापून काढलेला कागद तिनं मांडला, त्या चार ओळींवर बोट ठेवलं आणि तारखेसकट सगळं सांगितलं. आईचं मात्र तिनं सांगितलं नाही. ती सबब झाली असती. समितीनं लिहून घेतलं. धाकटीचं नाव कागदावरून गेलं, चौकटबाईचं लागलं, आणि सहीचा अधिकार त्याच बैठकीत काढून घेतला गेला. तिला वाटलं होतं त्यापेक्षा हे सोपं गेलं.

मग समितीतल्या बाईंनी विचारलं, "हातानं केलेल्या अशा दुरुस्त्या आणखी कुठे आहेत का?"

"नाही," चौकटबाई म्हणाली. यात तिला तिळमात्र शंका नव्हती. "एवढी माझीच. बाकी कुणी असं करणार नाही."

मग मागच्या रांगेतून तो जिन्यानं चढणारा गृहस्थ उभा राहिला. मान खाली घालून म्हणाला, "माझ्या तीन आहेत." त्याच्या पलीकडचा म्हणाला, "माझ्या दोन. दाबाच्या भागात." खिडकीजवळच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि आपापला आकडा सांगितला. चौकटबाई उभ्याउभ्याच लिहून घेत होती. पाच, सात, दहा. तिचं अक्षर वेडंवाकडं येत होतं. यातली कुठली पुसली जाऊन कुणाच्या नळीत हवा सोडेल, हे त्यांच्यापैकी कुणालाच सांगता आलं नसतं.

शेवटी धाकटी उठली.

"माझी एक आहे, ताई. गेल्या वर्षीची. तेव्हाच सांगायला तुमच्या टेबलापर्यंत आले होते. तुम्ही वर पाहिलंत, आणि माझ्या तोंडून निघालं, पेन आहे का?"

चौकटबाईला ते आठवलं. तिनं पेन दिलं होतं, आणि वर म्हणाली होती, आठवणीनं परत आणून ठेव.