म्हशीशेजारचं थर्मामीटर
डेटॉलचा वास आला की अजून माझ्या जिभेला किळस येते. आखाडा बाळापूरला सासरी असताना मूल होईना म्हणून दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं होतं, सकाळी अंथरुणातून उठायच्या आत थर्मामीटर तोंडात धरायचं, आकडा लिहायचा, अंगावरून चिकट तार जाते का ते बघायचं, म्हणजे बीज कधी सुटतं ते कळतं. सासूबाई स्वतः डेटॉलनं पुसून ते माझ्या तोंडात कोंबायच्या आणि आकड्यांचा कागद दुधाच्या कॅलेंडरशेजारी टांगायच्या. एके सकाळी अंगणात गुरांचे डॉक्टर म्हैस तपासत होते, दीर दावं धरून उभा होता, आणि सासूबाई तिथूनच ओरडल्या, "तार सुटली का गं? म्हशीला सुटून राहिली बघ!" मी दाराआड सरले. डॉक्टर हात धुत म्हणाले, "दोनदा भरवली तरी गाभण न्हाई. आता रेडा बदलून बघा." सासूबाईंनी लगेच मान डोलावली, "व्हय, दोष रेड्यातबी असतो." ओट्यावर नवरा बशीतला चहा फुरकत राहिला. दवाखान्यातल्या बाईंनी दिलेली त्याच्या तपासणीची चिठ्ठी कॅलेंडरमागे घडीही न मोडता पडली होती. आज वाटतं, त्या घरात म्हशीला तरी न्याय मिळाला.